मराठवाड्यात सायकलने फिरताना लोकांना उद्याबद्दल कसे विचारावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीतून तीन आठवड्यांची रजा काढून आपण नोव्हेंबरमध्ये एकटी बाई म्हणून सायकलवरून मराठवाड्याचे आठही जिल्हे फिरणार आहात. रोज शंभर किलोमीटर चालवायचे, वाटेत भेटेल त्या अनोळखी माणसाला “येत्या दहा वर्षांबद्दल तुमच्या काय आशा आहेत?” असे विचारायचे आणि उत्तरे फोनवर ध्वनिमुद्रित करायची, असे आपण ठरवले आहे. मार्ग, हंगाम, सायकल, मुक्काम, सुरक्षितता आणि विचारण्याची रीत, अशा सगळ्यांबद्दल आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे याच भागात सायकलने हिंडतो आहे आणि हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारत आलो आहे, त्यामुळे अनुभवाने पटलेले तेवढेच लिहितो. आपल्या आराखड्यात दोन गोष्टी बदलाव्यात असे माझे ठाम मत आहे. एक म्हणजे रोजचे अंतर, आणि दुसरी म्हणजे प्रश्नातली “दहा वर्षे”.

आधी अंतराचे पाहू. आपण ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, केल्या आहेत असे लिहिले आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास, या मुदतींची ज्याला सवय झाली त्याला दिवसाला शंभर म्हणजे विश्रांतीच वाटते. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, परंतु ती इथे उपयोगी पडत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे उजेड जेमतेम अकरा तास असतो. सामान लादलेल्या सायकलीवर, आपल्याकडच्या रस्त्यांवर, ताशी पंधरा किलोमीटरचा वेग धरला तर शंभर किलोमीटरला जवळजवळ सात तास नुसते पायडल मारण्यात जातात. त्यात दोन जेवणे, एखादे पंक्चर, पाणी भरणे आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम शोधण्याची घाई मिळवली की बोलायला उरतात त्या चहाच्या टपरीवरच्या दहा मिनिटांच्या भेटी. दहा मिनिटांत माणूस जे सांगतो ते तो कोणालाही सांगतो. “पाऊस बरा व्हावा, मालाला दर मिळावा, पोरांना नोकऱ्या लागाव्यात” हे खोटे नाही, पण ते ऐकण्यासाठी तीन आठवडे रजा काढण्याची गरज नाही.

म्हणून रोज पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटरच ठेवा आणि तेही सकाळी साडेदहा-अकरापर्यंत संपवा. उरलेला दिवस ज्या गावी पोचलात तिथे बसण्यासाठी आहे. दर चौथ्या दिवशी सायकल हलवूच नका. काल जिने दारातून नुसते पाहिले ती बाई आज “अजून आहेत का तुम्ही?” म्हणत स्वतःहून थांबते, आणि खरे बोलणे बहुतेक वेळा तिथून पुढे सुरू होते.

या हिशेबाने तीन आठवड्यांत आठशे-साडेआठशे किलोमीटर होतात आणि तेवढ्यात आठही जिल्ह्यांना स्पर्श करणारा फेरा बसतो. मी सुचवेन तो असा: छत्रपती संभाजीनगरहून पैठण, तिथून गेवराई, माजलगाव, तेलगाव, धारूर, केज, अंबाजोगाई आणि लातूर, मग औसा, किल्लारी, धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर आणि लोहारा, उमरगा, निलंगा, उदगीर, नांदेड, परतताना अर्धापूर, वसमत, औंढा नागनाथ, हिंगोलीला एक वळसा, मग जिंतूर, मंठा, जालना आणि परत संभाजीनगर. समृद्धी महामार्गाचा विचार सोडून द्या, तिथे दुचाकींनाच प्रवेश नाही, मग सायकलला कुठला असणार. सोलापूर-धुळे महामार्ग सोयीचा वाटला तरी तो गावांना बाहेरून वळसा घालून जातो आणि आपल्याला तर गावातूनच जायचे आहे. शक्य तिथे जुना रस्ता, बाजारपेठेतून आणि बसस्थानकावरून जाणारा, तोच धरा.

हा फेरा मी किलोमीटर मोजून आखलेला नाही, पाणी पाहून आखला आहे. पैठणला जायकवाडी धरणाचा नाथसागर, तिथून डावा कालवा जालना-परभणीकडे आणि उजवा माजलगावकडे गेला आहे. पैठण ते माजलगाव या पट्ट्यात कालव्याखालचे शिवार आणि कालव्यावरचे शिवार शेजारी शेजारी पडतात आणि दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला तर उत्तरे वेगवेगळी येतात. तेलगावहून धारूरचा घाट चढून बालाघाटावर गेलात की विहीर आणि बोअर यांच्याखेरीज आधार उरत नाही. केजच्या बाजूला धनेगावचे मांजरा धरण आहे, त्याच्यावर लातूर शहर तहान भागवते. ते आटले तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. तिकडे नांदेडजवळ अर्धापूरला केळीच्या बागा, वसमतला हळद, आणि शेवटी जालन्याकडे मोसंबी. या पाण्याचा आणि पिकांचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

तो असा. माणूस किती पुढचे पाहू शकतो, हे आमच्या भागात त्याच्या शेतात काय उभे आहे त्यावर ठरते. सोयाबीन साधारण शंभर-सव्वाशे दिवसांत निघते, म्हणून निव्वळ सोयाबीनवर असलेला कोरडवाहू शेतकरी मृगापासून दिवाळीपर्यंतचे बोलतो. ऊस बारा ते अठरा महिन्यांचा, त्यामुळे ऊसवाल्याला पुढच्या वर्षाचा गळीत हंगाम दिसत असतो आणि कारखाना वेळेवर तोड देईल का, ही त्याची चिंता असते. मोसंबीला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. ज्याने आज कलमे लावली तो माणूस न विचारता दहा वर्षांची भाषा बोलतो, कारण त्याने आपले पैसे आणि पाणी त्या दहा वर्षांत आधीच घातलेले असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या ज्यांच्या बागा वाळल्या आणि ज्यांनी त्या हाताने तोडल्या, त्यांच्याशी बोलून पाहा. पुन्हा कलमे लावली की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरात सगळे येते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि पाडव्याला संपते. बचत गटातल्या किंवा मायक्रो फायनान्सचे कर्ज घेतलेल्या बाईचा हिशेब आठवड्याच्या किंवा महिन्याच्या हप्त्याचा असतो. या सगळ्यांना एकच “दहा वर्षे” हे माप लावले, की मोसंबीवाला तेवढा आशावादी दिसतो आणि बाकीचे हताश दिसतात. तो निष्कर्ष चुकीचा असतो आणि त्या माणसांवर अन्याय करणारा असतो.

म्हणून मुदत आपण ठरवू नका, ती समोरच्याची असू द्या. आधी हातातले काम विचारा: काय पेरले, किती एकर, पाणी कुठून, घरात कोण कोण, पोरे कितवीत. मग मागचे विचारा: वडील होते तेव्हा इथे काय होते. यात अर्धा तास गेला तरी तो वाया जात नाही, कारण याच बोलण्यातून त्या माणसाचे स्वतःचे वर्ष कसे मोजले जाते ते कळते. नंतर त्याच मापाने पुढचे विचारा. “पट्टा पडल्यावर काय ठरवलंय?” (पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा गळीत हंगाम संपणे), “येत्या दिवाळीपर्यंत कोणती एक गोष्ट मार्गी लागावी?”, “ही जमीन पुढं कोण कसणार?” यांपैकी एक प्रश्न पुरेसा होतो. “आशा”, “स्वप्न”, “भविष्य” हे शब्द मी विचारताना वापरतच नाही. ते ऐकले की माणूस सावरून बसतो आणि सभेत बोलावे तसे बोलतो.

याचे एक उदाहरण देतो. माजलगावच्या बाजूला एका उसाच्या फडाच्या कडेला संध्याकाळी मी थांबलो होतो. तोड संपली होती, गडी ट्रॉली भरत होते आणि एक बाई उरलेल्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. घरून आणलेल्या शेळीसाठी थोड्या आणि विकायला थोड्या. पाचट टोचू नये म्हणून तिने साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घातला होता आणि बोलताना हात एकदाही थांबले नाहीत. बालाघाटावरच्या एका गावची होती. कारखाना, मुकादम, उचल म्हणजे त्याच्याकडून आगाऊ रक्कम किती घेतली, तोड सुरू होऊन किती दिवस झाले, हे सगळे बोलून झाल्यावर मी विचारले, “पट्टा पडल्यावर काय?” ती म्हणाली, “आधी उचल फिटती का बघायचं.” मग दोन पेंढ्या बांधून होईपर्यंत ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. त्यानंतर ती म्हणाली, “सासूचं गुडघं अजून दोन वर्सं टिकलं पाहिजे बगा.” दोनच वर्षे का, असे विचारल्यावर कळले की मुलगी आठवीत आहे, ती आजीपाशी गावी राहते आणि दहावी होईपर्यंत घरात कोणीतरी मोठे माणूस उभे राहायला हवे, आजी अंथरुणाला खिळली तर मुलीची शाळा सुटणार आणि ती फडावर येणार. उसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, हे तिला माहीत होते. मुलीला तिथे ठेवायला मात्र तिचे मन धजत नव्हते.

या बाईला मी दहा वर्षांबद्दल विचारले असते तर “आमचं काय, देव ठेवील तसं” एवढेच हाती लागले असते, आणि मी वहीत लिहिले असते की उसतोड कामगार महिला भविष्याचा विचार करत नाहीत. वास्तविक तिची आशा मला त्या प्रवासात भेटलेल्या कोणाहीपेक्षा अधिक नेमकी होती. त्या आशेला मुदत होती, तिच्यातला धोका कुठे आहे हे त्या बाईला ठाऊक होते आणि त्यासाठी ती रोज काही करत होती. असे नेमके उत्तर मिळेपर्यंत थांबणे, हेच या कामातले कौशल्य आहे असे मी मानतो.

थांबण्याबद्दल आणखी थोडे. पहिले उत्तर आले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पारावर पाच-सहा पुरुष बसलेले असतील तर पहिले उत्तर सरकारबद्दल असेल, हमीभावाबद्दल, पीकविम्याबद्दल, आरक्षणाबद्दल असेल. ते मनापासून ऐका, कारण त्यात तथ्य असते; सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि आडतीवर त्याहून कमीने माल घालावा लागला, तर ती तक्रार भविष्याबद्दलचीच असते. परंतु चार माणसांत कोणी आपल्या मुलाचे लग्न जमत नाही, हे बोलत नाही. ते ऐकायचे असेल तर त्यांच्यातला एक जण उठून घराकडे निघेल तेव्हा सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालत जा. चालताना माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत, आणि त्यामुळे बोलतात. शेतीवर राहिलेल्या, तिशी उलटलेल्या आणि लग्न न जमलेल्या मुलांचे दुःख आमच्या गावागावांत आहे. त्यावर हसू येईल असा एक शब्दही आपल्या तोंडून जाऊ देऊ नका.

हात कामात असलेली माणसे नेहमीच जास्त मोकळी बोलतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधत असतो, नजर तिथेच असते, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत तो जे सांगतो ते समोरासमोर खुर्चीवर बसवून विचारले तर सांगणार नाही. भाजी निवडणारी, वाती वळणारी, शेळ्या राखणारी माणसे शोधा. जमले तर त्यांच्या कामाला हात लावा.

तरुणांना गाठायची वेळ पहाटेची. आपण सहाला निघालात की जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्यावर धावताना दिसतील. कुठे कुठे डांबराच्या कडेला चुन्याने अंतराच्या खुणा केलेल्या असतात, मुलांच्या १,६०० मीटरसाठी आणि मुलींच्या ८०० मीटरसाठी. त्यांचे भविष्य वयोमर्यादेने मोजलेले असते. “अजून किती संधी आहेत?” असे विचारले की ते महिन्यांसकट सांगतात. त्यानंतर विचारावे ते असे: “आणि नाही झालं तर?” मात्र हा प्रश्न धावणे संपल्यावर आणि एकट्याला विचारा, सोबत्यांसमोर नाही. लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहणारी मुले आणि तालुक्याच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची पुस्तके घेऊन बसणारे पदवीधर यांनाही हेच लागू पडते. घरच्यांनी त्यांच्यावर किती पैसे घातले आहेत हे ते न विचारता सांगतील. तो आकडा सांगताना आवाज कसा होतो, तिकडे लक्ष द्या.

वृद्ध माणसांना पुढचे विचारताना मागून यावे लागते. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे काळ मोजतात तो १९७२ च्या दुष्काळापासून. खडी फोडली, पाझर तलावावर काम केले, सुकडी खाल्ली, हे सांगून झाले की मग “आता तसं व्हायचं नाही” किंवा “आता त्याहून वाईट व्हईल” यांपैकी एक वाक्य येते, आणि तेच आपले उत्तर. किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट हा काळाचा दुसरा खांब आहे. तिथल्या पुनर्वसित गावांचे रस्ते रुंद आणि सरळ आहेत, घरे अंतराअंतरावर आहेत, आणि भूकंपानंतर जन्मलेली पिढी आता स्वतः आई-बाप झाली आहे. तिथे भूकंपात कोण गेले हे आपण होऊन विचारू नका. आजच्या घराबद्दल विचारा, खोली वाढवली का, स्लॅब टाकला का, पोरे इथेच राहणार का. ज्याला मागचे सांगायचे आहे तो सांगतोच.

यालाच जोडून एक गंभीर गोष्ट. मराठवाड्यात फिरताना शेतकरी आत्महत्या झालेले घर आपल्याला कधी ना कधी भेटणारच. कोणी ते दाखवायला घेऊन जाऊ लागले तर जाऊ नका. ते घर पाहण्याची जागा नाही. आपण बोलत असलेल्या माणसाच्याच तोंडून “आता काही उरलं नाही”, “सुटलो म्हणजे बरं” असे आले, तर मुलाखत तिथेच थांबवा, वही बंद करा, त्याच्याजवळ बसा आणि घरातल्या किंवा शेजारच्या विश्वासू माणसाच्या कानावर घाला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीतून बोलता येते. तो पाठ ठेवा आणि कागदावर लिहून द्या. पुढचा मुक्काम चुकला तरी चालेल.

आता हंगामाविषयी. नोव्हेंबरऐवजी आपण डिसेंबरच्या मध्यापासून निघालात तर फार बरे होईल. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या आणि बालाघाटावरच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरून उसतोडीच्या टोळ्या निघून जातात. नोव्हेंबरात तिथे निघण्याची धांदल किंवा मागे उरलेले म्हातारे आणि मुले एवढेच भेटते, आणि शिल्लक असलेले शेतकरी ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीत असतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात ज्वारी पोटरीत आलेली असते, तूर काढणीला येते, पुढे हुरडा सुरू होतो आणि माणसे शेतात निवांत बसलेली सापडतात. टोळ्याही तोवर माजलगाव, अंबाजोगाई, लातूरकडच्या फडांवर स्थिरावलेल्या असतात.

त्यातही येळवस साधता आली तर जरूर साधा. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सगळे घर शेतात जाते. कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, करून तिच्यात पांडव मांडतात, पूजा करतात, आणि मग ज्वारी-बाजरीचे उंडे, भज्जी, खीर आणि मडक्यातली आंबील असे जेवण होते. लातूर शहरातसुद्धा त्या दिवशी रस्ते ओस पडतात. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून पंगतीला बसवण्याची रीत आहे, आणि सायकलवरून आलेल्या एकट्या बाईला तर कोणी जेवल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही. उभ्या पिकात बसून त्याच पिकाची पूजा केल्यावर “यंदा काय होईल?” हे विचारायला वेगळे निमित्त लागत नाही, तोच त्या दिवसाचा विषय असतो. मला मिळालेली उत्तम उत्तरे बहुतेक येळवसेच्या दुपारची आहेत. पोट भरून जेवायची तयारी ठेवा आणि त्या दिवशी पुढचे अंतर ठेवू नका.

आपण कोण, हा प्रश्न मात्र आपल्याआधी त्यांच्याकडून येईल. “कुठून आलाव, कुठं चाललाव, कशासाठी?” पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या भाकरी घालणारी ही गावे आहेत, पैठणहून नाथांची पालखी याच भागातून जाते, त्यामुळे पायी किंवा सायकलने जाणारा माणूस त्यांना नवखा नाही, एखादी आजी नवसाचे आहे का, असेही विचारेल. खरे ते दोन वाक्यांत सांगा: मी नोकरी करते, माणसांना पुढचे काय वाटते ते ऐकत फिरते आहे. त्याच वेळी हेही स्पष्ट करा की आपण सरकारी नाही, सर्वेक्षणाच्या नाही, कोणत्या पक्षाच्या नाही आणि यातून अनुदान, घरकुल काही मिळणार नाही. “तुमचं म्हणणं वरपर्यंत पोचवते” असे सौजन्य म्हणूनही बोलू नका. असे म्हणून गेलेली पुष्कळ माणसे लोकांनी पाहिली आहेत. “मग याचा आम्हाला काय उपयोग?” असे कोणी विचारले तर उपयोग नाही, हे मान्य करा. तरीही बहुतेक जण बोलतात. आणि ते तुम्हाला विचारतील, पगार किती, लग्न झाले का, आई-वडील कुठे, तुमचे स्वतःचे पुढे काय. जेवढे सांगता येईल तेवढे खरे सांगा. दुसऱ्याच्या घरातले विचारायचे आणि आपले झाकायचे, हे शोभत नाही.

ध्वनिमुद्रण सुरुवातीला काढूच नका. बोलणे संपल्यावर, “हे शेवटचं पुन्हा एकदा सांगाल का, रेकॉर्ड करते” असे विचारा. नाही म्हणाले तर आग्रह नको. रोज संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी बसून त्या दिवसाचे सगळे लिहून काढा, शक्य तितके त्यांच्याच शब्दांत, कारण दुसऱ्या दिवशी ते शब्द आपले होऊन बसतात. कर्जाचा आकडा, मुकादमाचे नाव, उचल किती, जमिनीचा भाऊबंदकीतला वाद, यांतले काहीही गाव आणि नाव ओळखू येईल असे कुठे देऊ नका. आपण निघून जाल, त्यांना तिथेच राहायचे आहे. मुलांशी बोलायचे तर आई-वडील किंवा गुरुजी समोर असावेत. भाषेची अडचण सहसा येत नाही. नांदेड, परभणी, संभाजीनगरला दखनी कानावर पडेल, उमरगा-उदगीरकडे कानडीची छटा येईल, बंजारा तांड्यावर घरात गोरबोली असते, पण मराठीत सगळे बोलतात. तांड्यावर गेलात तर आधी नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, भेटा.

एकट्या बाईने जावे का, याचे माझे उत्तर “जावे” असे आहे, आणि काही बाबतींत आपल्याला माझ्यापेक्षा अधिक मिळेल. मी पुरुष असल्याने माझ्याशी बायका ओसरीवर, घरच्यांसमोर बोलतात आणि प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नवराच देतो. आपल्याला चुलीपाशी बसायला मिळेल. गावात शिरल्यावर अंगणवाडी सेविका किंवा आशा ताईंना गाठा, त्यांना प्रत्येक घर ठाऊक असते. गावात मुक्काम करायचा तर सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगून ठेवणे ही इथली रीत आहे आणि तिचा उपयोग होतो. नाहीतर अंबाजोगाई, औंढा नागनाथ इथली भक्तनिवासे, नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे, आणि तालुक्याच्या ठिकाणी कुटुंबे उतरतात अशी लॉज आहेत. अंधारात सायकल अजिबात चालवू नका. याचे मुख्य कारण माणसे नसून ऊस आहे: गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, आणि ओव्हरटेक करणाऱ्याला कडेची सायकल दिसत नाही.

सायकलीबद्दल फार लिहीत नाही. पस्तीस ते चाळीस मिलिमीटरचे टायर, धारूरच्या घाटासाठी खालचे गिअर, दहा-बारा किलोच्या वर सामान नाही. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असलेला बरा, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याच्या नळीने हवा भरता येते. आपल्या सायकलीला बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा अडॅप्टर जवळ ठेवा. मोठ्या चाकाच्या ट्यूब तालुक्याला मिळतीलच असे नाही, दोन जवळ हव्यात. वेड्या बाभळीचा काटा आमच्याकडे सगळीकडे आहे, म्हणून सायकल बांधावर आडवी टाकू नका. अवकाळी पाऊस झाला तर काळ्या रानातली कच्ची वाट टाळा. ती माती टायर आणि मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही, आणि काटकीने उकरून दहा पावले गेले की पुन्हा तेच. असा पाऊस झाला तर गावातच थांबा. लोकही घरीच असतात.

शेवटचे आपण विचारले नाही, तरी सांगतो. ज्यांचे फोटो काढाल त्यांना ते छापून पाठवा, पत्ता पोस्टमास्तर किंवा शाळेचा चालतो. आणि शक्य असेल तर एप्रिलच्या अखेरीस, टोळ्या परतल्यावर आणि पाडव्याला सालगड्यांचे नवे साल ठरून गेल्यावर, त्यांतल्या निवडक आठ-दहा घरी पुन्हा जा आणि डिसेंबरात त्यांनी सांगितलेल्या त्या एका गोष्टीचे काय झाले, एवढेच विचारा. एका फेरीत आपल्याला फक्त इच्छा कळतात. त्या पुऱ्या कशाने होतात आणि कुठे अडतात, हे दुसऱ्या फेरीत कळते. त्या दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सायकलचा हट्ट धरू नका, एस.टी. सगळीकडे जाते आणि बायकांना अर्धे तिकीट आहे.